होस्टिंगचा सर्व्हर ड्राइव्ह म्हणून जोडून वेबसाइटच्या फाइल चढवता येतात का?

आपला प्रश्न असा आहे : होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरची जागा विंडोजमध्ये ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडून घेतली, तर एफटीपीचे (इंटरनेटवरून फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) वेगळे सॉफ्टवेअर न वापरता साध्या फोल्डरप्रमाणे फाइल कॉपी करून वेबसाइट चढवता येईल का? येईल. मात्र काही वर्षे अशा वेबसाइट सांभाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, चालू वेबसाइटमधल्या एक-दोन फाइल दुरुस्त करायला हा मार्ग उत्तम आहे आणि पूर्ण वेबसाइट चढवायला तो अगदीच गैरसोयीचा आहे. या फरकाचे कारण कळले, तर पुढचे निर्णय आपले आपणच घेऊ शकाल.

आधी जोडणीविषयी. कार्यालयातील संगणकांवर जो सामायिक ड्राइव्ह दिसतो, तो बहुधा एसएमबी या पद्धतीने जोडलेला असतो. ही पद्धत ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या जोडणीसाठीच्या क्रमांकित दारावर, चालते आणि इंटरनेटवर तो पोर्ट अनेक ठिकाणी बंद ठेवलेला असतो. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम एसएमबीमधल्याच एका त्रुटीचा फायदा घेऊन पसरला होता, हे लक्षात घेता ती खबरदारी योग्यच आहे. त्यामुळे सर्वसाधारण वेब होस्टिंगवर एसएमबीची अपेक्षा ठेवू नये. एफटीपीचा पत्ता विंडोजला दिला, तर ते त्याला ड्राइव्हचे अक्षर देत नाही, फक्त ‘नेटवर्क लोकेशन’ म्हणून दाखवते, आणि तिथली फाइल एडिटरमध्ये थेट उघडून थेट जतन करणे बहुतेक प्रोग्रामांना जमत नाही. अक्षर हवे असेल, तर विंडोजच्या स्वतःच्या सोयींमध्ये वेबडॅव्ह हाच पर्याय उरतो. वेबडॅव्ह म्हणजे ज्या एचटीटीपीवरून पाने वाचली जातात, त्याच एचटीटीपीला फाइल लिहिण्याची, हलवण्याची आणि कुलूपबंद करण्याची दिलेली जोड.

आपल्या होस्टिंगला सीपॅनल (होस्टिंग सांभाळण्याचा वेबवरचा नियंत्रण-फलक) असेल, तर त्यात ‘वेब डिस्क’ या नावाने हीच सोय मिळते. तिथे स्वतंत्र खाते तयार करावे आणि त्या खात्याला संपूर्ण जागा न देता केवळ ‘पब्लिक एचटीएमएल’ हे फोल्डर द्यावे, म्हणजे ईमेल आणि इतर खासगी फाइल त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. नंतर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’मध्ये एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता, शेवटी २०७८ हा पोर्ट, आणि ‘वेगळी ओळख वापरून जोडा’ या खुणेसह वेब डिस्कचे वापरकर्तानाव व पासवर्ड द्यावा. २०७७ हा पोर्ट असुरक्षित जोडणीसाठी असतो. तो वापरू नये, आणि मुळात विंडोजची मूळ मांडणीही असुरक्षित जोडणीवरून उघडा पासवर्ड पाठवायला नकार देते. एवढे करूनही जोडणी होत नसेल, तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘वेबक्लायंट’ ही सेवा सुरू आहे का ते पाहावे. ही सेवा आता आपोआप सुरू होईलच असे नाही आणि मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ती ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे पुढे विकास न होणारी म्हणून जाहीर केली आहे. नव्या कामाची संपूर्ण भिस्त तिच्यावर ठेवू नये असे मला वाटते, त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण वेगाचे आहे आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्या संगणकातल्या डिस्कवर फाइल लिहिणे ही एक क्रिया वाटते. वेबडॅव्हवर मात्र विंडोज आधी फाइल तिथे आहे का हे विचारते, तिची जागा तयार करते, कुलूप लावते, मजकूर पाठवते, तारखा नोंदवते आणि कुलूप काढते. प्रत्येक टप्प्याला सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागते. एका फाइलमागे सहा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला सेकंदाचा दहावा भाग धरला, तर ३,००० फाइलसाठी १,८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास नुसता वाट पाहण्यात जातो. इंटरनेटचा वेग वाढवूनही हा वेळ फारसा कमी होत नाही, कारण अडचण मजकुराच्या वजनाची नसून फेऱ्यांच्या संख्येची आहे. वर्डप्रेसच्या मूळ संचातच काही हजार फाइल असतात, हे इथे आठवावे. याउलट मोठ्या फाइलला वेगळीच आडकाठी येते : विंडोजची वेबडॅव्हसाठीची मूळ मर्यादा ५,००,००,००० बाइट, म्हणजे सुमारे ५० एमबी आहे. ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत, वाढवून ४ जीबीपर्यंत नेता येते, पण मोठे व्हिडिओ या वाटेने पाठवण्याचा आग्रह मुळात धरूच नये.

म्हणून पूर्ण वेबसाइट चढवायची असेल, तेव्हा सगळ्या फाइलची एक झिप करावी, ती होस्टिंगच्या ‘फाइल मॅनेजर’मधून चढवावी आणि तिथेच उलगडावी. झिप जोडलेल्या ड्राइव्हवर ठेवून विंडोजकडून उलगडून घेऊ नये. तसे केल्यास संपूर्ण मजकूर आधी आपल्या संगणकावर उतरतो आणि मग एकेक फाइल पुन्हा वर जाते. वरचेवर बदल पाठवायचे असतील, तर विनएससीपी या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधील ‘सिंक्रोनाइझ’ वापरावे, कारण कोणत्या फाइल बदलणार आहेत याची यादी ते आधी दाखवते. वेगळे सॉफ्टवेअर टाळण्याची आपली इच्छा मी समजू शकतो, पण या एका सोयीसाठी ती बाजूला ठेवावी असा माझा आग्रह आहे. होस्टिंगवर एसएसएचची (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करण्याची पद्धत) परवानगी असेल आणि ड्राइव्हचे अक्षर हवेच असेल, तर विनएफएसपी आणि एसएसएचएफएस-विन या दोन प्रोग्रामांची जोडी वेबक्लायंटवर अवलंबून न राहता ते देऊ शकते.

तिसरी गोष्ट मला स्वतःला भोगावी लागली आहे. एका संस्थेची वेबसाइट सांभाळत असताना माझ्या संगणकावरची प्रत आणि जोडलेला ड्राइव्ह अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, दोन्हींत ‘चित्रे’ नावाचे फोल्डर होते, आणि मी जुनी प्रत समजून सर्व्हरवरचे फोल्डर पुसले. नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली वस्तू रिसायकल बिनमध्ये जात नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून बहुतेक चित्रे परत मिळाली, पण त्या दिवशी चढवलेली चित्रे संस्थेकडून पुन्हा मागवून घ्यावी लागली. ज्या संगणकात खंडणीखोर प्रोग्राम शिरतो, तिथले जोडलेले ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडू शकतात, त्यामुळे हा धोका केवळ विसराळूपणाचा नाही.

आणखी काही बारीक बाबी. विंडोजला ‘लोगो’ हे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहिले काय आणि लहान लिहिले काय, सारखेच. लिनक्स सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइल वाटतात आणि संगणकावर नीट दिसणारे चित्र वेबसाइटवर गायब होते. फाइलच्या परवानग्या, म्हणजे ती कोणी वाचावी आणि कोणी बदलावी याचे आकडे, या ड्राइव्हवरून बदलता येत नाहीत. सहसा फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ लागते, आणि ते फाइल मॅनेजरमधून करावे. चालू पान थेट ड्राइव्हवर जतन करताना जोडणी तुटली, तर पाहुण्यांना अर्धवट पान दिसते. म्हणून मांडणीच्या मुख्य फाइलची प्रत आधी शेजारी ठेवावी. तसेच एखादा प्रोग्राम ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडला असेल, तर त्याला ‘झेड’ ड्राइव्ह दिसणार नाही. तो बिघाड नसून, ड्राइव्ह आपल्या साध्या सत्रात जोडलेला असल्याचा परिणाम आहे.

जोडताना ‘साइन इन करताना पुन्हा जोडा’ ही खूण काढून टाकावी, आणि काम संपताच ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ करावे.