संपलेलं ग्रीन कार्ड आणि भारताची फेरी

ग्रीन कार्डाची (अमेरिकेतल्या कायम वास्तव्याच्या परवान्याची) मुदत संपली, नवं अजून हातात नाही, तर भारतात जाऊन परत येता येतं का? घाबरू नका, जाता येतं. मी दोनदा जाऊन आले.

मुळात अर्ज केल्यावर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून मुदतवाढीचं पत्र येतं, पण नुसतं पत्र पुरत नाही. मुदत संपलेलं कार्ड आणि मुदतवाढीचं मूळ पत्र, म्हणजे आय-७९७, ही जोडी मिळून तुमचा पुरावा होतो. दोन्ही हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात कधीच नाही. 'पत्र आलंय, आता जुनं कार्ड कशाला' म्हणून लोक ते घरी ठेवून निघतात, आणि तिथेच पहिली चूक होते.

दुसरी चूक तारखेची. आय-७५१, म्हणजे लग्नामुळे मिळालेल्या दोन वर्षांच्या कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, त्याच्या पत्रावर ४८ महिने लिहिलेले असतात. ते कार्डाची मुदत संपल्यापासून मोजायचे, पत्राच्या तारखेपासून नाही. आय-९० वाल्यांनी, म्हणजे दहा वर्षांच्या कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज केलेल्यांनी, आपल्या पत्रावरचा आकडा वाचावा, मैत्रिणीच्या नव्हे.

खरी अडचण अमेरिकेत उतरताना क्वचितच येते. ती मुंबईत चेक-इनच्या काउंटरवर येते. मला तिथे चाळीस मिनिटं थांबवलं होतं. शांतपणे पत्रातलं मुदतवाढीचं वाक्य बोट ठेवून दाखवा, सुपरवायझरला बोलवायला सांगा. विमानाच्या वेळेच्या चार तास आधी पोचा.

निघण्यापूर्वी एवढं बघा:
- बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे, फोटो देण्याची) तारीख प्रवासात येत नाही ना
- वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का. मुदत संपलेलं कार्ड तिथे चालेलच असं धरू नका
- मुक्काम सहा महिन्यांच्या आत

आईवडिलांच्या आजारपणामुळे वर्षाहून जास्त राहावं लागणार असेल, तर री-एन्ट्री परमिटचा, म्हणजे लांबच्या मुक्कामानंतर परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. तसं असेल तर सांगा, त्यावर वेगळं लिहीन.