उभा नको, चालता बघ

अरे, जर्मन शेफर्डचं पिल्लू घेतोयस तर आधी त्याचे आईबाप बघ. नराची खांद्यापाशी उंची 60 ते 65 सेंटिमीटर, मादीची 55 ते 60. याहून थोराड पिल्लू ‘जंबो’ म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर नमस्कार करून निघ. ओठ वर करून बघ, वरचे पुढचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसायला हवेत. मग सैल पट्ट्यावर दुडक्या चालीने पळवायला लाव. मेंढ्यांमागे दिवसभर धावायला घडवलेली जात ही, पळताना पाठ हलता कामा नये. माझ्या पहिल्या कुत्र्याची उतरती पाठ बघून आम्ही खूश होतो. सुदामानगरच्या घराच्या चार पायऱ्या चढताना तो मागचे पाय ओढू लागला, तेव्हा डोळे उघडले. म्हणून खुब्यांत दोष नाही ना, हे बघायला आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागच. टाळाटाळ झाली तर सरळ पोहे खाऊन घरी ये.