टाहोच्या काठी तंबू: आधी रात्रीचा आणि स्वयंपाकाचा विचार

सॅन होजेजवळ राहणाऱ्या एका दांपत्याने विचारले आहे की, पुण्याहून येणाऱ्या सत्तरीतल्या आईवडिलांना आणि सहा व दहा वर्षांच्या मुलांना घेऊन कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरील टाहो सरोवराच्या काठी तीन रात्री तंबूत राहणे कितपत जमेल. जमेल, मात्र आईवडील मे महिन्यात येणार म्हणून मे महिन्यातच जाण्याचा बेत आपण आखला आहे, तो बदलावा. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे आणि मे अखेरपर्यंत तेथे बर्फ रेंगाळतो. जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्टचा आरंभ निवडावा.

जागेचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते, म्हणजे 18 जुलैला पोहोचायचे असेल तर 18 जानेवारीला सकाळी संगणकासमोर बसावे लागेल. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांतील जागा आठ वाजता खुल्या होतात आणि उन्हाळ्यातील शनिवार-रविवारच्या जागा पाहता पाहता संपतात, त्यामुळे आईवडिलांच्या विमानाची तिकिटे या तारखा हाती आल्यावरच काढलेली बरी. आपल्या कुटुंबासाठी मी दक्षिण काठाजवळचे फॉलन लीफ हे तंबूस्थळ सुचवेन, मात्र ते राज्य उद्यानांत मोडत नाही, केंद्रीय वनखात्याचे आहे. तेथे स्नानगृहांची सोय आहे आणि तंबूंखेरीज काही यर्ट, म्हणजे लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या गोल झोपड्याही मिळतात. आईवडिलांसाठी एक यर्ट आणि शेजारी आपला तंबू, अशी विभागणी झाल्यास रात्री उठावे लागणाऱ्यांचे हाल होत नाहीत.

दिवसा ऊन लागते, म्हणून बहुतेक जण रात्रीला कमी लेखतात. जुलैमध्येही पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि थंडी वरून जितकी लागते त्याहून अधिक खालच्या जमिनीतून चढते. म्हणून जाड पांघरुणापेक्षा अंगाखालच्या चांगल्या मॅटवर पैसे खर्च करावेत. वडिलांना रक्तदाबाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर उंचीविषयी त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि पहिल्या दिवशी चढउतार टाळावा.

आता स्वयंपाक. या उंचीवर पाणी साधारण 94 अंशांलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. लहान कुकर अवश्य न्यावा, फक्त त्याच्या शिट्ट्या शेजारच्या तंबूंची झोपमोड करणार नाहीत एवढे पाहावे. खरा प्रश्न वासाचा आहे. टाहोच्या परिसरात काळी अस्वले भरपूर आहेत, माणसांच्या अन्नाला ती चटावलेली आहेत आणि मोटारीचे दार उघडण्याचे कसबही त्यांनी साधले आहे. म्हणून प्रत्येक जागेवर असलेल्या लोखंडी पेटीत सर्व अन्न कुलूपबंद ठेवणे बंधनकारक असते, आणि ‘अन्न’ या शब्दात लोणच्याची बरणी व चिवड्याची पुडी यांच्याबरोबर टूथपेस्ट, साबण आणि आजींचे खोबरेल तेलही येते. उशाशी खडीसाखरेची डबी ठेवण्याची सवय असेल तर ती तीन रात्रींपुरती सोडावी. लहान मुलाच्या मोटारीतील आसनाच्या खाचांत अडकलेले बिस्किटांचे तुकडे निघण्यापूर्वीच झाडून काढावेत. भाजणी, मेतकूट, भाजून ठेवलेला उपम्याचा रवा असे कोरडे पदार्थ घरूनच डब्यांत भरून नेले, की फोडणीचा खटाटोप दिवसातून एकदाच, तोही उजेड असताना, उरकता येतो.

शेकोटीवर भिस्त ठेवू नये. कोरड्या दिवसांत तिच्यावर बंदी येते, आणि बंदी नसली तरी लाकूड घरून न नेता तेथेच विकत घ्यावे, कारण बाहेरच्या लाकडातून झाडांना मारक कीड पसरते. 2021 च्या ऑगस्टअखेरीस कॅल्डोर वणव्यामुळे साउथ लेक टाहो हे संपूर्ण शहर रिकामे करावे लागले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी धूर आणि रस्ते यांची माहिती पाहावी, आणि बेत रद्द करावा लागला तर मुलांची समजूत कशी काढायची तेही ठरवून ठेवावे.

पाणी स्वच्छ आणि देखणे असले तरी ऑगस्टमध्येही गारठवणारे असते. उत्तम पोहणाऱ्यालाही एकदम उडी घेतल्यास धाप लागते. होडीत तेरा वर्षांखालील मुलांनी जीवरक्षक जाकीट घालणे हा कायदाच आहे, आपण मोठ्यांनीही ते घालावे. दुपारी वारा उठतो, म्हणून होडी सकाळी घ्यावी.

एमराल्ड बे या सरोवराच्या आखाताकडे जाल त्या दिवशी वाहन लावायला जागा मिळण्यासाठी लवकर निघावे. काठावरच्या वायकिंग्सहोम या जुन्या वाड्यापर्यंतची वाट जेमतेम दीड किलोमीटरची आहे, पण उतरलेले सारे परत चढावे लागते. आजी-आजोबांना वरच्या कठड्यापाशीच सावलीत बसवावे. टाहोतील एकमेव बेट तेथूनच सर्वांत छान दिसते, आणि थर्मासमधला चहाही त्यांच्यापाशीच ठेवून जावा.