दाढी वाढवताना पहिले दोन महिने आणि लोकांची वागणूक

तुमचा प्रश्न असा आहे: चोविसाव्या वर्षी पहिल्यांदाच दाढी वाढवायला घेतली, चार आठवडे झाले, उजव्या गालावर ती विरळ आहे, मानेला खाज सुटते, आई रोज “काढून टाक” म्हणते आणि नव्या नोकरीतले साहेब “ग्राहकांसमोर जाताना जरा नीट राहा” म्हणाले, तर दाढीवाल्यांशी लोक खरोखरच वेगळे वागतात, की तुम्हाला उगाच तसे वाटते आहे? मी एकूण एकवीस वर्षे दाढी राखली आहे आणि मध्यंतरी सहा वर्षे नोकरीमुळे ती काढावी लागली होती, त्यामुळे दोन्ही चेहऱ्यांनी लोकांपुढे वावरलो आहे. लोक वेगळे वागतात, हे खरे आहे. परंतु तुमच्या वाट्याला सध्या जे येत आहे ते दाढीमुळे कमी आणि वाढलेल्या खुंटांमुळे जास्त, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहिल्या तर बराच उलगडा होईल.

आपल्याकडे न केलेल्या दाढीला आधीपासूनच अर्थ चिकटलेले आहेत. सुतकात दाढी करत नाहीत, श्रावण पाळणारे महिनाभर न्हाव्याकडे फिरकत नाहीत, आणि बायको गरोदर असताना नवऱ्याने केसांना कात्री लावू नये अशी चाल काही घरांत अजून आहे. याशिवाय आजारपण, परीक्षेतले अपयश, मोडलेले लग्न, यांपैकी काहीही घडले की माणूस दाढी करायचा सोडतो, असा सर्वांचा अनुभव असतो. त्यामुळे तीन-चार आठवड्यांचे खुंट पाहून शेजारच्या काकू “घरी सगळे ठीक ना?” असे विचारतात तेव्हा त्यात काळजीच असते, आणि आईला तो चेहरा पाहून जे अशुभ वाटते तेही खोटे नसते. तिच्याशी वाद घालू नका. ही दाढी ठरवून राखतो आहे, एवढे एकदा शांतपणे सांगा आणि ती राखलेली दिसेल अशी तिची निगा ठेवा.

आता त्वचेचे. दाढीचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, कधी थोडे अधिक वाढतात. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक तिरके आणि धारदार राहते; केस लहान असतो तोवर ते मानेच्या व जबड्याच्या कातडीला टोचत राहते, आणि केस लांबून मऊ पडला की ती खाज आपोआप ओसरते. बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळून दाढी काढतात ती याच खाजेपायी, आणि पुन्हा सुरुवात केली की पुन्हा तेच भोगतात. रोज अंगाच्या साबणाने दाढी घासू नका, तो कातडी कोरडी करतो. कोमट पाण्याने धुवा, टिपून घ्या, आणि ओलसर असतानाच बदामाच्या किंवा खोबरेल तेलाचे चार थेंब बोटांच्या टोकांनी केसांच्या मुळाशी जिरवा. मात्र तेलाने पुरळ येत असेल तर ते लगेच थांबवा. पिवळसर, तेलकट कोंडा आणि लाली दिसू लागली, केसतोड वारंवार होऊ लागले किंवा नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. औषधाच्या दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. गजकर्ण असेल तर त्याने दोन दिवस बरे वाटते आणि मग ते दुप्पट पसरते.

गालावरच्या विरळपणाची चिंता चोविसाव्या वर्षी करूच नये. ओठावर आणि हनुवटीवर केस आधी दाट होतात, गाल मागाहून भरतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत हे तिशीपर्यंत चालू राहते. किती भरेल हे मुख्यतः घराण्यावर अवलंबून असते, म्हणून वडिलांचे आणि मामांचे जुने फोटो पाहून थोडा अंदाज बांधता येतो. रोज वस्तरा फिरवला तर दाढी दाट येते, हा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी दिला असेल. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच मोजमापे घेऊन दाखवले होते की दाढी केल्याने केसांच्या वाढीत फरक पडत नाही. कापलेल्या टोकाला मूळचा निमुळतेपणा उरत नाही, म्हणून केस जाड भासतो, इतकेच.

वागणुकीबद्दलही अभ्यास झालेले आहेत. 2012 मध्ये न्यूझीलंड आणि सामोआ येथे, त्याच पुरुषांचे दाढीसह आणि दाढीविना काढलेले फोटो लोकांना दाखवले, तेव्हा दाढीचे चेहरे वयाने मोठे, अधिक प्रतिष्ठित, पण रागावलेले असताना अधिक आक्रमकही वाटले. माझा अनुभव याच्याशी जुळतो. दाढी असताना बँकेत मला “साहेब” म्हणत, आणि ती काढल्यावर त्याच खिडकीवर “अहो, रांगेत या” असे ऐकू येई. उलट दाढी असताना लहान मुले लिफ्टमध्ये आईच्या मागे सरकत. ग्राहकांसमोर तुमचे वय कमी वाटत असेल तर नीट राखलेली दाढी तुम्हाला उपयोगी पडेल, फक्त चेहऱ्यावर हसू थोडे अधिक आणावे लागेल, कारण ओठ झाकले गेले की समोरच्याला आपला भाव कळायला वेळ लागतो.

तरीही एक गोष्ट निगा राखून बदलत नाही, आणि ती न सांगता हे उत्तर पुरे होणार नाही. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुसलमान सहकारी होता. त्याची दाढी माझ्याहून छोटी आणि कितीतरी नेटकी असे. आम्ही दोघे एकाच सोसायटीत भाड्याचे घर पाहायला गेलो, तेव्हा मला घरमालकाने पंख्यापासून नळापर्यंत सगळे दाखवले, आणि त्याला दारातच “घर कालच गेले” असे सांगितले. मी जिना उतरून खाली आलो, तर तो पार्किंगमध्ये उभा राहून रुमालाने हनुवटी पुसत होता. तो काहीच बोलला नाही. शिवजयंतीला चंद्रकोर लावून टोकदार दाढी राखणाऱ्या मुलांकडे आपण कौतुकाने पाहतो, महर्षी कर्वे आणि विनोबांच्या पांढऱ्या दाढीत आपल्याला तपश्चर्या दिसते; मग याच केसांनी एखाद्याला घर मिळू नये, हे मला आजही सहन होत नाही. दाढीवाल्यांना त्रास होतो असे आपण म्हणतो तेव्हा तो त्रास सर्वांना सारखा होत नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

नोकरीतल्या नियमांबाबत थोडेसेच. काही नियमांना ठोस कारण असते. आमच्या विभागात विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा घालावा लागे. गाळण्यांवर तळहात दाबून श्वास आत ओढला की तो चेहऱ्याला चिकटला पाहिजे, पण माझ्या जबड्याखालून हवा फुसफुसत आत येई. मी त्याच संध्याकाळी दाढी काढली आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. हवाई दलातील दाढीबंदीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये शिस्त आणि एकसारखेपणा या कारणांवरून मान्य केला, तर नौदलात वरिष्ठांच्या परवानगीने दाढी ठेवता येते. तुमच्या कचेरीत मुखवटाही नाही आणि गणवेशही नाही. “नीट राहा” याचा अर्थ साहेबांना थेट विचारा: दाढी नको, की अशी वाढलेली दाढी नको? बहुधा दुसरेच उत्तर मिळेल.

बहिणीच्या लग्नाला पाच आठवडे आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. तोवर गालाला हात लावू नका. मानेची कड मात्र आताच काढून घ्या: कंठमण्याच्या वर दोन बोटे ठेवा, त्याखालचे सगळे साफ करा आणि तिथून कानामागे वळती रेघ घ्या. सलूनमध्ये जबड्याच्या हाडावरच रेघ मारण्याची सवय असते, त्याने दाढी चिकटवल्यासारखी दिसते, म्हणून खुर्चीत बसल्याबरोबर बोटाने जागा दाखवा. लग्नाआधीची शेवटची कात्री आदल्या दिवशी लावू नका, चार दिवस आधी लावा. चुकून जास्त कापले गेले तर तेवढ्या दिवसांत ते थोडे भरून येते, आणि वस्तऱ्याची लाली हळदीच्या फोटोंत दिसत नाही.