साहित्याची पदवी आणि शिक्षकाची नोकरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मराठी माध्यमातून दहावी झाले असून सध्या बारावीला कला शाखेत आहे. पुढे साहित्य शिकून शिक्षिका व्हावे, असे मनात आहे. घरातले सर्वजण इंग्रजी घे म्हणतात. मला मात्र स्पॅनिशच्या एका वर्षाच्या वर्गानंतर त्या भाषेची गोडी लागली आहे. पदवी कशात घ्यावी? मराठी माध्यमामुळे इंग्रजी साहित्य जड जाईल का?
— विद्यार्थिनी, विक्रोळी

उत्तर : माध्यमाची धास्ती आधी दूर करू. इंग्रजी साहित्याच्या वर्गात अस्खलित बोलण्याची परीक्षा नसते. तिथे कविता, नाटक, कादंबरी आणि समीक्षा बारकाईने वाचावी लागते आणि वाचलेल्याबद्दल स्वतःचे म्हणणे मुद्देसूद लिहावे लागते. पहिल्या दोन सत्रांत मराठी माध्यमाच्या मुलांचा वेग कमी पडतो, हे खरे आहे. त्यावरचा उपाय मूळ पुस्तक आधी आणि गाईड नंतर, किंवा शक्यतो गाईड नाहीच, हा आहे. परीक्षेच्या तोंडावर आणलेल्या नोट्सवर गुण मिळतात, परंतु पुढे वर्गासमोर उभे राहून तीच कविता शिकवायची वेळ आली की त्या नोट्स उपयोगी पडत नाहीत. तुमचे मराठी वाचन चांगले असेल, तर ती तुमची जमेची बाजू आहे. विंदा करंदीकर मुंबईतल्या महाविद्यालयांत इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनीच ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र व शेक्सपिअरचा 'राजा लिअर' मराठीत आणला. दोन्ही भाषांतले वाचन एकमेकांना कसे पोसते, याचे याहून चांगले उदाहरण मुंबईच्या विद्यार्थ्याला शोधावे लागणार नाही.

आता स्पॅनिशविषयी. भाषा शिकणे आणि त्या भाषेतले साहित्य शिकणे या दोन टप्प्यांमध्ये बरेच अंतर आहे, आणि वर्गांच्या जाहिरातींमधून ते कळत नाही. युरोपीय मोजणीप्रमाणे भाषेच्या सहा पातळ्या धरतात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. आठवड्यातून दोन-तीन दिवसांच्या वर्गाने एका वर्षात साधारणपणे पहिल्या दोन पातळ्यांपर्यंत मजल जाते. बाजारहाट, ओळखपाळख, छोटे पत्र एवढे तेवढ्यात जमते. परंतु आधुनिक कादंबरी शब्दकोशाच्या आधाराने का होईना, सलग वाचायची, तर बी-२च्या आसपास पोहोचावे लागते. सेर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाच्या 'दोन किखोते' (इंग्रजीत 'डॉन क्विक्झोट') या कादंबरीचे दोन भाग १६०५ आणि १६१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ती भाषा आजच्या स्पॅनिश वाचकालाही टिपांच्या आधारानेच वाचावी लागते. मराठी माणसाला इथे थोडी मदत मात्र होते. निर्जीव वस्तूंना लिंग असते आणि क्रियापदाच्या रूपावरूनच कर्ता कळतो, याचे आपल्याला नवल वाटत नाही.

स्पॅनिशची पूर्ण पदवी हवी असेल, तर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ ही नावे प्रथम घ्यावी लागतात. पहिल्या दोन्ही ठिकाणी पदवीचा प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतो. म्हणजे बारावीच्या वर्षातच अर्ज करावा लागेल, आणि घर सोडून राहण्याच्या खर्चाचा विचार आजच आईवडिलांबरोबर बसून करावा लागेल.

माझे मत स्पष्ट सांगते. विद्यापीठात स्पॅनिश साहित्यच शिकवायचे, हा निश्चय पक्का असेल, तर सरळ दिल्ली किंवा हैदराबाद गाठावे, इंग्रजीत बी.ए. करून मग स्पॅनिशमध्ये एम.ए. करू, असे गृहीत धरू नये, कारण तिथे भाषेची आधीची तयारी पाहतात. निश्चय तेवढा पक्का नसेल, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी तो नसणे अगदी स्वाभाविक आहे, तर मुंबईत इंग्रजी हा मुख्य विषय घ्यावा आणि स्पॅनिश सोडू नये. इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या संस्थेच्या डेले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशी चारही अंगे तपासली जातात आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. या संस्थेचे भारतातले केंद्र दिल्लीत आहे. पदवीच्या तीन-चार वर्षांत बी-२ गाठणे कष्टाचे आहे, पण रोज तासभर दिला तर शक्य आहे. तुम्ही चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलीत, तर नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुढचे एम.ए. एका वर्षाचे होते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : मुलीला स्पॅनिश शिकवून खरोखर नोकरी मिळेल का? आमच्या ओळखीत कुणीच ही वाट घेतलेली नाही.
— एक पालक, गिरगाव

उत्तर : मिळू शकते, परंतु इंग्रजीच्या मानाने जागा पुष्कळच कमी आहेत. इंग्रजी प्रत्येक शाळेत असते. स्पॅनिश मुख्यत्वे आयबी आणि आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांमध्ये शिकवतात. आयबीच्या अकरावी-बारावीच्या टप्प्यावर अगदी नवशिक्यांसाठीही स्पॅनिशचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि मुंबईत अशा शाळा बऱ्याच आहेत. या शाळा भाषेच्या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राबरोबर अनेकदा बी.एड.ही मागतात. सुमारे वीस देशांची ही राजभाषा असल्यामुळे भाषांतराची आणि कंपन्यांतली कामेही निघतात, पण ती शिक्षकी पेशाची वाट नव्हे. गाब्रिएला मिस्त्राल या कवयित्रीने चिलीतल्या शाळांमध्ये वर्षानुवर्षे शिकवले आणि १९४५ मध्ये लॅटिन अमेरिकेला साहित्याचे पहिले नोबेल मिळवून दिले. या भाषेच्या परंपरेत शाळामास्तरकीला कमी लेखलेले नाही, हे आपल्या मुलीलाही ठाऊक असावे.

प्रश्न : मी इंग्रजीत बी.ए., बी.एड. असून भांडुपच्या एका खासगी शाळेत आठवीपर्यंतच्या वर्गांना शिकवते. आता एम.ए. करून महाविद्यालयात जावे, असे वाटते. कोणत्या परीक्षा द्याव्या लागतील?
— शिक्षिका, भांडुप

उत्तर : महाविद्यालय म्हणताना आपल्या मनात कनिष्ठ आहे की वरिष्ठ, हे आधी ठरवावे, कारण दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. अकरावी-बारावीसाठी एम.ए. आणि बी.एड. ही जोडी लागते, त्यातले बी.एड. आपल्याकडे आहे, म्हणून तो मार्ग आपल्याला अधिक जवळचा आहे.

वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी बी.एड. चालत नाही. तिथे एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, अथवा नियमांप्रमाणे केलेली पीएच.डी., अशी अट आहे. राखीव प्रवर्गांना गुणांमध्ये ५ टक्क्यांची सवलत आहे. नेटमध्ये पहिली प्रश्नपत्रिका १०० गुणांची आणि सर्वांना समान, तर दुसरी आपल्या विषयाची आणि २०० गुणांची असते. दोन्ही मिळून तीन तास मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांचे बहुधा पहिल्या प्रश्नपत्रिकेकडे दुर्लक्ष होते. आपण वर्गात शिकवत असल्यामुळे तिच्यातला अध्यापनाचा भाग आपल्याला सोपा जाईल. आकडेमोड आणि तर्काच्या प्रश्नांचा मात्र सराव करावा. आपली सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि ती महाराष्ट्र व गोव्यापुरती चालते.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन वर्ग पडतात, आणि त्यांतला तिसरा केवळ पीएच.डी.च्या प्रवेशापुरता आहे. त्या वर्गात नाव आले म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता मिळाली, असा समज अनेकांचा होतो. निकालपत्र नीट वाचूनच पुढची पावले टाकावीत.

नोकरीबद्दल आपल्याला अंधारात ठेवणे योग्य होणार नाही. पात्रता मिळाल्यावरही मुंबईत अनेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते. तिथे शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळतात आणि सुट्टीत उत्पन्न थांबते. त्यामुळे एम.ए. चालू असताना आणि नेट-सेटचा निकाल हाती येईपर्यंत शाळेतली नोकरी सोडू नये. मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ विभागातून एम.ए. करता येते का, याची चौकशी प्रवेशाच्या मोसमाआधीच करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता त्या वर्षासाठी आणि त्या अभ्यासक्रमासाठी आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.