पहिली फितुरी कुणाची?

(व्हिडिओकाकांना विचारा)

पावसात होड्या वर ओढून झापांखाली ठेवल्या, की मालवणात माणसाच्या हाताला काम कमी आणि तोंडाला जास्त. पत्रंही तेव्हाच जास्त येतात. यंदा तिघांनी चोरांच्या सिनेमांबद्दलच विचारलंय. उत्तरांत शेवट उघडे पडलेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून यावं, मासिक कुठे पळून जात नाही.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलाने 'द बॅड गाइज' चार वेळा पाहिलाय. त्यातला लांडगा आणि साप जिवलग मित्र. दोघं मिळून चोऱ्या करतात, पण पुढे साप लांडग्याला सोडून खलनायकाला जाऊन मिळतो. शाळा सुरू झाल्यावर मुलाचा जवळचा मित्र दुसऱ्या बाकावर जाऊन बसला, तेव्हापासून हा त्याला 'साप' म्हणतो. शेवटी साप चांगलाच निघतो, हे सांगून मी थकले. तुम्ही काय सांगाल? (एक आई, वेंगुर्ले)

उत्तर : ताई, शेवटाकडे नंतर जाऊ. आधी सुरुवात आठवा. हॉटेलात टेबलाशी लांडगा आणि साप बसलेत. बोलणं कसलं, तर सापाच्या वाढदिवसाचं. सापाला वाढदिवस आवडत नाही, लांडगा त्याला चिडवतोय. मधे कट नाही, दोघांच्या गप्पा चालल्यात आणि आपण शेजारच्या टेबलावर बसून ऐकतोय असं वाटतं. मग दोघं उठतात, तेव्हा दिसतं की बाकीची गिऱ्हाइकं भिंतीला चिकटून थरथरतायत. हे दोघं शांतपणे रस्ता ओलांडतात आणि समोरची बँक लुटतात. बँक विसरा. दिग्दर्शकाने पहिली काही मिनिटं दोन मित्रांच्या फालतू गप्पांवर घातलीत, कारण पुढे लुटलं जाणार आहे ते हेच.

आता जिन्याचा प्रसंग. सोन्याच्या डॉल्फिनचं बक्षीस पळवायला टोळी एका समारंभात घुसते. लांडगा सुटाबुटात. एका म्हातारीची पर्स मारायला जातो, ती जिन्यावरून घसरते, हा तिला सावरतो. ती त्याला गोड शब्दांत शाबासकी देते आणि मागे ह्याची शेपटी आपोआप हलायला लागते. बघा, तोंडाने खोटं बोलता येतं, शेपटीने येत नाही. (म्हातारी कोण होती ते मी सांगणार नाही. मुलाला विचारा, चार वेळा पाहिलाय म्हणताय.)

पकडले गेल्यावर लांडगा टोळीला सांगतो, की सुधारल्याचं सोंग करू, सुटू आणि डॉल्फिन मग उचलू. सोंग करता करता ह्याचं स्वतःचं खरं होत जातं. आणि ते तो सापाला सांगत नाही. साप बिचारा अजून जुन्याच ठरावावर चालतोय. पुढे टोळी तुरुंगात पडते, तिथे लांडगा कबूल करतो, दोघांची हाणामारी होते, साप निघून जातो. मुलाच्या लक्षात राहिलं ते निघून जाणं. माझं मत विचाराल, तर पहिली फितुरी लांडग्याची. सापाने केली ती नंतर.

हे मी पुस्तकं वाचून म्हणत नाही. 1988 साली इथल्या बाजारपेठेत आम्ही दोघा मित्रांनी व्हिडिओ लायब्ररी काढली. पहिलीपासून एका बाकावरचे. दिवसाला दहा रुपये भाडं, कॅसेट मागे न फिरवता परत आणली तर एक रुपया दंड. समुद्राच्या हवेने पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी धरायची. त्यावर त्याने उपाय काढला : तांदळाचं रिकामं पिंप, आत चाळीसचा बल्ब सतत पेटता, त्यावर जाळी आणि जाळीवर कॅसेट. लोक विचारायचे, अंडी उबवतास काय रे?

चौऱ्याण्णवला गावात केबल आली. आधी शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक गेलं, मग सगळंच. मी मामेभावाकरवी मुंबईत एका एडिटिंग स्टुडिओत खटपट लावली. तीन महिने. त्याला बोललो नाही. म्हटलं, जमलं तर सांगू, उगाच कशाला. मुलाखतीचं पत्र आलं ते पोस्टमनने सवयीने दुकानात टाकलं आणि फोडलं त्याने. मी दुपारी जेवून आलो तर पत्र गल्ल्यावर, पेपरवेटखाली. तो एवढंच म्हणाला, "तू माका सांगूक नायस."

पुढच्या सोमवारी दुकान उघडलं, तर डावीकडचं कपाट रिकामं. एकशे चाळीसेक कॅसेट घेऊन तो कुडाळला गेला होता. मी वीस वर्षं गावभर सांगत फिरलो की मित्राने मला लुटलं. हेही सांगायला हवं होतं, ते कधी सांगितलं नाही : हिशेबाची वही उघडी ठेवली होती, त्यात डेक, टीव्ही, फर्निचर माझ्या नावावर मांडलं होतं आणि बेरीज केली तर त्याने निम्म्याहून कमीच नेलं होतं. शिवाय उजव्या कपाटात माझ्यासाठी ठेवलेली एकूणएक कॅसेट मागे फिरवलेली होती. दोनशेच्या वर कॅसेट, एकेक मागे फिरवायला तीन-चार मिनिटं. रात्रभर बसला असणार मेला.

तेव्हा ताई, मुलाला शेवट समजावू नका, तो त्याला पाठ आहे. बाक बदलायच्या आधीच्या आठवड्यात काय झालं होतं ते विचारा. आणि एक आइसकँडी आठवून द्या : टोळीत सगळ्यांत स्वार्थी म्हणून ओळखला जाणारा साप आपली शेवटची आइसकँडी शार्कला देतो. ते तो खलनायकाला जाऊन मिळायच्या आधी घडलेलं आहे. म्हणजे चांगला तो 'शेवटी' निघत नाही, आधीपासूनच असतो.

प्रश्न : चोराला नायक करायचं, त्याला उंची कपडे घालायचे, पोलिसांना वेंधळे दाखवायचं, हे परदेशी खूळ आता मुलांच्या चित्रपटांतही शिरलं आहे. आपल्या संस्कृतीत हे नव्हतं. आपण त्याची भलामण करता याचं नवल वाटतं. (निवृत्त मुख्याध्यापक, गुहागर)

उत्तर : सर, सुटाबुटातला म्हणाल तर परदेशी खरा. इंग्रजीत हॉर्नंगचा रॅफल्स 1899 मध्ये पुस्तकात आला. दिवसा क्रिकेट, रात्री घरफोडी. गंमत म्हणजे हॉर्नंग हा शेरलॉक होम्सच्या जनकाच्या बहिणीचा नवरा. मेहुण्याने चोर पकडायचे, दाजींनी सोडायचे. फ्रान्समध्ये मॉरिस लब्लांने 1905 साली आर्सेन ल्युपँ एका मासिकात उभा केला, आणि पहिल्याच गोष्टीत त्याला अटक करवली! लब्लांचं घर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एत्रेताला. तिथे समुद्रात खडूच्या दगडाचा एक सुळका उभा आहे, तो आतून पोकळ असून त्यात ल्युपँचा खजिना आहे असं त्याने एका कादंबरीत रचलं. आमच्याकडे सिंधुदुर्गाच्या भुयाराच्या गोष्टी सांगणारे म्हातारे त्याला भेटायला हवे होते.

जपानात 1967 पासून मंकी पंच या चित्रकाराने ह्या ल्युपँचा नातू रंगवला, आणि त्या नातवावर 1979 मध्ये हायाओ मियाझाकीने आपला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा केला, 'कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो'. त्याची कॅसेट आमच्या दुकानात होती, बोटीवरच्या एका गिऱ्हाइकाने सिंगापूरहून आणलेली. नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून 'पिवळ्या गाडीचं कार्टून'. चोर चालवतो ती गाडी छोटीशी पिवळी फियाट आहे, आणि सुरुवातीला ती नोटांनी गच्च भरलेली असते. कॅसिनो लुटून पळताना त्याला कळतं की नोटा बनावट आहेत, उत्तम बनावट. तो काय करतो? सगळ्या रस्त्यावर उधळून देतो आणि नोटा छापणाऱ्याचा माग काढत निघतो. खोटं धन घेणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. आणि सर, त्यातला इन्स्पेक्टर झेनिगाता वेंधळा दिसला तरी बनावट नोटांचा कारखाना दिसल्यावर तो चोराशी तात्पुरती हातमिळवणी करतो. त्या दोघांत जो इमान आहे तो काही मित्रांत नसतो.

पण 'आपल्यात नव्हतं' हे काही पटलं नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक तुम्ही शिकवला असेल. ब्राह्मण, सुशिक्षित, आणि घरफोडीचं शास्त्र जाणणारा. भिंतीला भोक पाडायचं तर कुठल्या आकाराचं, कमळाचं की अर्ध्या चंद्राचं की पूर्णकुंभाचं, याचा तो विचार करतो, कारण सकाळी शेजाऱ्यांनी कौतुक करायला हवं. मोजायची दोरी विसरलाय, तर जानवं काढून माप घेतो. हा सुटाबुटाचाच भाऊ! आणि तो चोरी करतो कशासाठी, तर मदनिकेला दास्यातून सोडवायला. ती सुटते, त्याची बायको होते, आणि गाडी घरी निघते तोच दवंडी ऐकू येते की मित्र आर्यकाला राजाने कैद केलंय. शर्विलक नव्या नवरीला पुढे पाठवतो आणि गाडीतून उतरून मित्राला सोडवायला जातो. देवलांनी तो मराठी रंगभूमीवर आणला आणि आपल्या आजोबांनी टाळ्या दिल्या.

आणि लांब कशाला, आपल्या जत्रेत रात्री दशावतार उभा राहतो तेव्हा ब्रह्मदेवाचे वेद कोण पळवतो? काळ्या वेषातला संकासूर. देव शुद्ध बोलतात, हा मालवणीतून बोलतो आणि पोरं त्याच्याच बाजूने हसतात. विष्णू वेद परत आणतो हे बरोबरच, पण घरी जाताना पोरं नक्कल संकासुराची करतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला काळा पहाड तर, खरं सांगा, मुख्याध्यापक होण्याआधी तुम्हीही पुस्तकाच्या आत लपवून वाचला असेल.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. जपानी सिनेमातला जिगेन नावाचा साथीदार सिगारेटवर सिगारेट ओढतो, तेव्हा लहान मुलांना दाखवताना मोठ्या माणसाने शेजारी बसावं.

प्रश्न : मी नववीत आहे. गॅदरिंगसाठी हापूस चोरणाऱ्या टोळीवर वीस मिनिटांची एकांकिका लिहितोय. शेवटी मित्र फितूर नव्हताच असं कळतं. पण वाचून दाखवली तर सगळे म्हणाले, "हे मधेच कुठून आलं?" काय करू? (देवगड)

उत्तर : अरे, तुझ्या टोळीतला पुढारी पहिल्या प्रवेशात पूर्ण बेत सांगतो ना? तोच घोळ आहे. चोरीच्या गोष्टीत जो बेत प्रेक्षकाला आधी सांगितला तो फसायलाच हवा, आणि जो पार पडणार तो सांगायचा नाही. दोन्ही सांगितलेस तर लोक दुसऱ्यांदा तेच पाहत बसतील.

पण न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. वर ज्या लांडगा-सापाची गोष्ट आहे, त्यात आकाशातून पडलेला एक ताकदवान दगड चोरीला जातो. खलनायक तो अभिमानाने बाळगून असतो आणि शेवटी कळतं की हातात आहे तो दगडाच्या आकाराचा दिवा! सापाने अदलाबदल केलेली, खरा दगड खलनायकाच्या घरीच. आपण फसलो तरी चिडत नाही, कारण तो दिवा आपल्याला आधी दिसलेला असतो. कुणी बोट दाखवलेलं नसतं एवढंच.

तुझ्याकडे दिवा नाही, पण आंब्याच्या पेट्या आहेत. फितूर वाटणाऱ्या मुलाला दुसऱ्याच प्रवेशात पेटीत गवत भरताना दाखव, कशासाठी ते कुणी विचारू नये. दुसरा एखादा तेव्हा मोठ्याने विनोद करत असू दे, म्हणजे लोक तिकडे बघतील. शेवटी बागवाल्याने पेटी उघडली की वरचा एक थर आंबे आणि खाली नुसतं गवत. आंबे कुठे गेले ते तुझं तू ठरव. राखणदाराच्या कुत्र्याचं कामही ठरव, तुझ्या कागदांत तो पहिल्या पानावर भुंकतो आणि पुढे कुठेच नाही. कलमाच्या बागेत रात्री सात पोरं शिरतात आणि कुत्रा गप्प, हे देवगडात कोण मानेल?