पगारातून कापलेला टॅक्स गेला कुठे?

प्रश्न: भाऊ, मी जळगाव एमआयडीसीत नोकरीला आहे, रोज भुसावळहून अपडाऊन करतो. 2024-25 ला पगार महिन्याला 80,000, त्यातून दरमहा 3,337 टीडीएस (पगार देतानाच कापला जाणारा टॅक्स) कापला, पण 26एएस मध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेला टॅक्स दाखवणारा सरकारी तक्ता) शेवटच्या तीन महिन्यांचं काहीच दिसत नाही आणि आता इन्कम टॅक्स डिपार्टमेंटची नोटीस आलीय. दुसऱ्यांदा भरायचा का?

उत्तर: नाही दादा, अजिबात घाई करून भरू नका! आकडा बरोबर आहे, 9.60 लाखातून 75,000 स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची ठराविक वजावट) वजा केलं की नव्या टॅक्स रिजीमने सेससकट 40,040 टॅक्स येतो, भागिले 12. चूक मालकाची आहे. कापलेला पैसा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत आणि मार्चचा 30 एप्रिलपर्यंत सरकारात भरायचा असतो, आणि भरला तरी 24क्यू मध्ये (मालक दर तिमाहीला भरतो ते पगाराच्या टीडीएसचं विवरणपत्र) तुमचा पॅन एका अक्षराने चुकला तरी तुमच्या नावावर काही दिसत नाही, म्हणून आधी कंपनीच्या अकाउंटंटकडे जाऊन पॅन तपासा, बऱ्याचदा घोळ तिथंच असतो.

भरलेलाच नसेल तर 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्याचं कलम 205 तुमच्या बाजूने आहे, कापलेला टॅक्स कर्मचाऱ्याकडून परत मागता येत नाही. पगारपत्रक जपून ठेवा, ज्यावर 'टीडीएस 3,337' छापलंय तोच कागद, आणि सोबत बँक स्टेटमेंट, हे जोडून नोटिशीला लेखी उत्तर द्या.

मालक मंडळींनो, कापून न भरल्यास महिन्याला दीड टक्का व्याज लागतं आणि खटलाही होऊ शकतो. तो पैसा तुमचा नाहीच, कामगाराचा आहे.